आनंदाबाईंच्या बैलांचा बोजारा

आनंदाबाई,

तुमच्यावर लिहायला बसले आहे, म्हणून पहिल्यांदा तुम्हालाच सांगते. गोड गोड लिहिणार नाही. आदर्श शिक्षिका, सेवाभाव, त्याग हे शब्द तुमच्या निवृत्तीच्या समारंभात इतके वापरून झाले, की तुम्ही हार गळ्यात असतानाच जांभई दिलीत. मी पाहिलं. तुम्ही फार चांगल्या शिक्षिका होतात, आणि तुम्ही माझा हेवा करत होतात. दोन्ही एकाच बाईतलं होतं. दुसरं गाळलं तर पहिलंही धड कळायचं नाही. निम्मं तुम्हीच मला उतारवयात सांगितलंत, तेही बरंचसं हसत. उरलेलं मला तेव्हाच दिसत होतं, कळत नव्हतं एवढंच; शेजारच्या वर्गात बसून न दिसायला मी काय आंधळी होते? या हकिकतीत मी लीना म्हणूनच येईन, बाकीच्यांसारखी तिऱ्हाईत. नाहीतर 'मी, मी' करत मध्ये शिरले की तुम्ही म्हणाल, पाहा, इथंही हीच पुढं.

तर ऐका.

बोरखेडी हे गाव जामच्या फाट्यावरून गाडीवाटेनं आत. पावसाळ्यात ती वाट म्हणजे नुसता काळ्या मातीचा राडा. चपला हातात घ्यायच्या आणि चालायचं. गावात जनपद सभेची, म्हणजे तेव्हाच्या तालुक्याच्या बोर्डाची, शाळा होती. एक लांब खोली, मधोमध बांबूच्या तट्ट्याची भिंत. तट्ट्याच्या अलीकडे आनंदाबाईंचा वर्ग, पलीकडे दुसरा. व्हरांड्यात हेडमास्तर डोमाजी गुरुजी मोठ्या मुलांना घेऊन बसत.

आनंदाबाई त्याच गावच्या सून. माहेरी मराठी फायनल झालेल्या. नवरा बंडूजी, घरची शेती, दावणीला एक बैलजोडी. जनपदला बाईमास्तर हवी होती आणि आसपासच्या गावांत शिकलेली बाई दुसरी नव्हती, म्हणून नोकरी घरी चालून आली. सासू म्हणाली, पोट्टे तर हिच्यामागं असेही फिरतात, फिरायचे पैसे मिळत असतील तर काय वाईट? अशी ती नोकरी सुरू झाली. आनंदाबाईंनी गावातल्या अर्ध्या घरांना सही शिकवली. मुलगी वयात आली म्हणून शाळेतून काढली, की त्या संध्याकाळी तिच्या ओसरीवर जाऊन बसत. काही बोलत नसत. चहा येई, पिऊन होई, तरी बसलेल्याच. शेवटी बाप कंटाळून म्हणे, पाठवतो उद्या.

पण गाव त्यांना ओळखत होतं ते बैलांवरून.

आमच्या वऱ्हाड-नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळा मोठ्यांचा, खऱ्या बैलांचा. तान्हा पोळा लेकरांचा, लाकडा-मातीच्या बैलांचा. लेकरं आपापले बैल सजवून दोरीनं ओढत घरोघर नेतात आणि ज्याच्या दारी बैल उभा राहील त्यानं लेकराच्या हातावर काहीतरी ठेवायचं. खाऊ असो, सुपारी असो. त्याला बोजारा म्हणतात. बोजारा मिळाल्याशिवाय बैल दारातून हलवायचा नसतो.

सुताराकडून लाकडी बैल करून घेणं सगळ्यांना परवडत नसे. म्हणून आनंदाबाई श्रावण लागला की वर्गालाच बैल करायला बसवत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाच्या, काड्यांचा सांगाडा, त्यावर तळ्याची माती आणि कुटार म्हणजे भुसा, शेपटीला अंबाडीचा दोर, चाकांना बाभळीच्या फांदीच्या चकत्या. आणि नियम एकच: बैल आपल्याच घरचा पाहिजे. ज्याच्या घरच्या बैलाचं डावं शिंग मोडकं, त्याच्या मातीच्या बैलाचंही डावंच मोडकं. कुणाच्या कपाळावर चांद, कुणाचं वशिंड एका बाजूला कललेलं. ज्याच्या घरी बैलच नाही त्यानं बाप ज्याच्याकडे सालदार असेल त्याचा करायचा, कारण बापाचा हात त्याच बैलावर फिरतो. लेकरं गोठ्यात जाऊन बैलासमोर तासन् तास बसत. तान्ह्या पोळ्याला म्हाताऱ्या माणसांनी नुसता बैल पाहून सांगावं, हे अमक्याचं पोट्टं. रंग म्हणजे गेरू, चुना आणि काजळी. शाळेला खर्च शून्य.

यातून मुलं काय काय शिकत ते ट्रेनिंगच्या पुस्तकात सापडतं. आनंदाबाईंनी ते पुस्तक उघडलेलं नव्हतं. पण हे कुणीतरी बाहेरचं येऊन एकदा पाहावं, आणि हे आनंदाबाईंचं आहे असं तोंडानं म्हणावं, ही इच्छा त्यांच्या मनात होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही. बंडूजींनासुद्धा नाही.

मग लीना आली. वर्ध्याची, कारकुनाची मुलगी, ट्रेनिंग कॉलेज झालेली, चष्मेवाली. तट्ट्यापलीकडचा वर्ग तिला मिळाला. पहिला महिनाभर आनंदाबाईंनी तिला सख्ख्या बहिणीसारखं सांभाळलं. खोली पाहून दिली, घरून ज्वारीची भाकर पाठवली, विहिरीवर कुठल्या बाईशी बोलायचं नाही तेही सांगितलं. तोवर हेवा करण्यासारखं लीनाजवळ काही नव्हतं.

सत्तावन सालच्या उन्हाळ्याआधी डोमाजी गुरुजींनी व्हरांड्यात एक परिपत्रक वाचून दाखवलं. विकास खंडाकडून प्राथमिक शिक्षकांना वर्गातल्या कल्पक उपक्रमासाठी छोटं अनुदान मिळणार होतं. शाळेमागे एकालाच. कोणाला अर्ज करायचा आहे का, असं गुरुजींनी विचारलं. आनंदाबाईंना हसू आलं. काय मागायचं? माती? आपल्या वर्गासाठी सरकारपुढे पदर पसरायचा हेच त्यांना कसंसं वाटलं. त्या नाही म्हणाल्या. लीनानं दुपारच्या सुट्टीत अर्ज लिहून टाकला: हातबाहुल्यांचं नाट्यगृह, मुलांनी स्वतः केलेलं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मंजुरी आली. एके दिवशी जामहून बैलगाडीत एक खोकं आलं. त्यात रंगीत कागद, पुठ्ठे, मखमलीचे तुकडे, रंगाच्या बाटल्या, आणि एका चपट्या डबीत सोनेरी भुकटी. लीनानं डबी उघडली तेव्हा आनंदाबाईंच्या वर्गातली सगळ्या माना तट्ट्याकडे वळल्या. आनंदाबाईंनी पाढे म्हणायला लावले. पाढे मागं पडत गेले. शेवटी त्या स्वतःच उठून तट्ट्याच्या फटीतून पाहून आल्या.

त्या दिवसापासून त्यांचं पोट दुखू लागलं, आणि ते खरोखरीचं दुखणं होतं. घरी जेवताना त्या बंडूजींना सांगू लागल्या. मखमल काय करायची आहे बाहुलीले? एवढ्यात पोरीचं पोलकं होते. बंडूजी म्हणाले, तू पण मागायचं होतंस. हे त्यांना सगळ्यांत जास्त लागलं, कारण ते खरं होतं. त्या रात्री जेवणाचं ताट तसंच राहिलं.

हेवा असा, की लीनाचं सगळंच खुपायला लागलं. तिचा चष्मा, तिचं 'मुलांनो' म्हणणं, खिडकीत वाळत घातलेला तिचा टॉवेलसुद्धा. तिच्या वर्गात मुलं हसली की आनंदाबाईंना वाटे, आपल्यावरच हसताहेत. गंमत अशी, की लीनाला वाटे आपण त्यांना आवडतो, म्हणूनच त्या हल्ली इतकं बारीक लक्ष देतात. बावीस वर्षांची होती, अक्कल कमी होती.

श्रावणात बैलांचं काम सुरू झालं तेव्हा लीना तट्टा ओलांडून आली आणि म्हणाली, "आनंदाबाई, रंग पुष्कळ उरलेत. बैलांना घ्या ना."

"आमच्या बैलाईले गेरू पुरते," आनंदाबाई म्हणाल्या. "उरलंसुरलं दुसऱ्या कोणाले द्या."

लीनाला नम्रपणा वाटला. ती परत गेली.

त्याच सुमारास कळलं की विस्तार अधिकारी निकमसाहेब तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी बोरखेडीला येणार. अनुदानाचं काम पाहायचं आणि पुढच्या वर्षीसाठी शाळेतलं नाव ठरवायचं. निकमसाहेब नवे होते. आदल्या वर्षी राज्यं बदलली, वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि साताऱ्याकडचा माणूस हिंगणघाटच्या कचेरीत येऊन बसला. आनंदाबाईंनी मनाशी ठरवलं: हाच तो बाहेरचा माणूस. बाहुल्या पाहायला येईल, पण पाहील बैल. त्यांनी वर्गाला इतकं राबवलं की काही लेकरांनी बैलाच्या पापण्यासुद्धा केल्या. शिंगांना तेवढा गेरू द्यायचा राहिला होता. तो पोळ्याच्या दिवशी लेकरांनी आपापल्या घरी द्यायचा असं ठरलं, कारण शिंगं रंगवण्याचा दिवस तोच.

पोळ्याच्या दिवशी शाळेला सुट्टी. आनंदाबाई घरी, चुलीशी आणि बैलांच्या पूजेत. इकडे लेकरं आपापले बैल पोटाशी धरून सरळ लीनाच्या खोलीवर गेली. त्यांना गेरू नको होता. त्यांना ती डबी हवी होती. लीना म्हणाली, तुमच्या बाईंना चालेल ना? चालेल, असं सगळी एका सुरात म्हणाली. पोळ्याच्या दिवशी बैलाला सोन्याची शिंगं मिळत असतील तर नको कोण म्हणेल? लीनानं तिथंच डिंक कालवून डबी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या अंगणात बैलांची रांग लागली. आनंदाबाई नवं लुगडं नेसून आल्या आणि जागीच थांबल्या. सकाळच्या उन्हात सगळी शिंगं झगमगत होती. मोडकं शिंगही सोन्याचं, वळलेलं शिंगही सोन्याचं. लोक आता बैलांच्या कपाळावरचा चांद पाहत नव्हते, कललेलं वशिंड पाहत नव्हते. अरे, सोन्याची शिंगं, एवढंच म्हणत होते.

त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. ते सोनं त्यांनी तट्ट्याच्या फटीतून पाहिलेलं होतं. लीना हसत पुढं आली आणि म्हणाली, किती छान दिसतात ना? आनंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

निकमसाहेब आले. चिखलानं भरलेले बूट व्हरांड्याच्या कडेला खरडून आत गेले. बाहुल्यांचा खेळ झाला. राणीच्या डोक्यावर सोनेरी मुकुट होता. साहेब खूश झाले. मग अंगणात आले आणि बैलांजवळ थबकले. वाकले, एक बैल उचलून घेतला, शिंगावरून बोट फिरवलं. बोटाला सोनं लागलं. त्यांनी मागं वळून खोलीतल्या राणीकडे पाहिलं. हुशार माणूस होता.

"म्हणजे लीनाबाई, एकाच सामानात तुम्ही दोन उपक्रम केलेत," ते म्हणाले. "बाहुल्या आणि बैल. हे मी मुद्दाम लिहीन."

डोमाजी गुरुजी धोतराचा सोगा चाचपू लागले. आनंदाबाईंच्या मनात त्या क्षणी काय होतं ते त्यांनी पुढं स्वतः सांगितलं. डबी मंजूर झाली होती बाहुल्यांसाठी. 'हे सोनं आमच्या बैलांना कुठून आलं मला ठाऊक नाही' एवढं एक वाक्य पुरे होतं. साहेब लीनाला विचारणार, सामान दुसरीकडे का वाटलं? आणि मग पुढच्या वर्षी तिचं नाव नसतं. वाक्य अगदी ओठावर आलं होतं. पण समोर लेकरं उभी होती. सोनं कुठून आलं ते त्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खोटं बोललं की आनंदाबाई लेकरांना उभं करून ठेवत, हेही ठाऊक होतं.

"सोनं त्याईचं," आनंदाबाई म्हणाल्या. "बैल आमचे."

साहेबांना नीट कळलं नाही. तेव्हा लीना बोलली. बैल दरवर्षी आनंदाबाईच करवतात, घरच्या बैलासारखा हुबेहूब करायचा असा त्यांचा नियम आहे, आणि हे सगळं एक पैसा न घेता. लीनानं हे मनापासून सांगितलं. पण तेही नेमकं तिनंच सांगावं, आणि इतक्या चांगल्या भाषेत सांगावं, यानं आनंदाबाई आणखीच पेटल्या.

साहेबांनी मान हलवली. म्हणाले, काम उत्तम आहे, पण बाई, ज्याला पैसा लागतच नाही त्याला अनुदान कशाचं देऊ? कागदावर कारण काय लिहू?

मी सांगते, त्या प्रश्नाला आजही कुठल्याच कचेरीजवळ उत्तर नाही.

साहेब जायला निघाले, पण त्यांना जाता येईना. लेकरं बैल घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली होती आणि हलत नव्हती. साहेब डावीकडे झाले, रांग डावीकडे झाली. त्यांच्या कपाळावर आठी आली. शाळेत मुलांना मागायला कोण शिकवतं, असं त्यांनी गुरुजींना विचारलं. त्यांच्या मुलखात बेंदूर असतो, बैलांची मिरवणूक असते, पण हे त्यांना माहीत नव्हतं. डोमाजी गुरुजींनी घाईघाईनं बोजाऱ्याची रीत सांगितली. बैल दारी उभा राहिला की रिकामा जात नाही, साहेब.

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. शाळेत मुलांच्या हातावर पैसे ठेवणं त्यांना बरं वाटेना. थोडा विचार करून म्हणाले, "कचेरीत एक मोठी रंगपेटी आहे, नमुन्याला आलेली. ती आनंदाबाईंच्या वर्गाच्या नावानं काढून ठेवतो. हा तुमच्या बैलांचा बोजारा. मंगळवारी लीनाबाई हिशेब द्यायला येणारच आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो."

लेकरांनी वाट सोडली. आनंदाबाईंच्या नावाची पहिली सरकारी वस्तू हिंगणघाटच्या कपाटात जाऊन बसली. पण ती यायची होती लीनाच्या हातून.

सोमवारी शाळा सुटताना आनंदाबाई तट्ट्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "माही पेटी तुम्ही आणू नोका. म्या जाईन."

"मी जातेच आहे, तर—"

"म्या जाईन म्हटलं ना."

लीना मंगळवारी गेली, हिशेब दिला, पेटी टेबलावर ठेवलेली पाहिली आणि तशीच परत आली. सांगितलं तसं केलं. त्यात काय चुकलं, हे अजूनही कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मग आनंदाबाईंचं जाणं राहत गेलं. आधी निंदण, मग दसरा, मग कापूस वेचणी. बंडूजींना जायला सांगितलं तर ते म्हणाले, बैलाचा बोजारा आणाले हिंगणघाट? लोक हसतीन. दिवाळीनंतर बंडूजी कापसाची गाडी घेऊन बाजाराला निघाले तेव्हा आनंदाबाई कापसावर बसून सोबत गेल्या. कापसाचं माप चालू असताना एकट्याच कचेरी विचारत गेल्या. फाटकाशी चपराशी होता. त्यानं कुठल्या गावच्या विचारलं. बोरखेडी म्हणताच त्याचा चेहरा फुलला.

"म्हणजे लीनाबाईच्या शाळेतल्या," तो म्हणाला.

आनंदाबाई तिथूनच परत फिरल्या. घरी येईपर्यंत गाडीवर बंडूजींकडे पाठ करून बसल्या. बंडूजींना वाटलं, कापसाचा भाव ऐकला असेल.

पुढच्या वर्षी लीनाची बदली वर्ध्याला झाली, मग लग्न झालं. निरोपाच्या वेळी आनंदाबाईंनी तिला एक मातीचा बैल दिला. शिंगं गेरूची. सोनेरी सगळे त्यांनी लेकरांकडेच राहू दिले होते. हा त्यांनी स्वतः केला होता, घरच्या बैलाचा, उजवा कान फाटलेला. देताना म्हणाल्या, हा पाहून तरी समजजो. लीनाला पुष्कळ वर्षं समजलं नाही. आनंदाबाई मात्र निवृत्त होईपर्यंत दर श्रावणात बैल करवत राहिल्या, अनुदानाचा अर्ज त्यांनी कधी केला नाही, आणि तट्ट्यापलीकडे जी जी नवी बाई आली तिची तुलना त्या लीनाशी करत राहिल्या. ती बिचारी लीनासारखी असली तरी मार, नसली तरी मार.

दोघी म्हाताऱ्या झाल्यावर गाठीभेटी वाढल्या. आनंदाबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन वर्ध्याला झालं, तेव्हा त्या लीनाकडेच उतरल्या होत्या. कपाटावरचा फाटक्या कानाचा बैल त्यांना डोळ्याची पट्टी काढल्यावर दिसला. तो त्यांनी खाली काढायला लावला. मग एकदम म्हणाल्या,

"तू काऊन नाई आणली पेटी?"

लीना म्हणाली, तुम्हीच तर नको म्हणालात.

"म्या नाई म्हटलं म्हणून आणाची नाई का? एवढी शिकलेली तू." त्या रागानं बोलत होत्या, आणि राग जुना नव्हता, ताजा होता. "म्या त्या मंगळवारी वाट पाह्यली, मंग दर मंगळवारी पाहून राह्यली होती."

लीनाला हसू आलं, आणि मग आलं नाही. ती म्हणाली, निकमसाहेब केव्हाचे गेले, पेटीतले रंग वाळून दगड झाले असतील, पण चला, जाऊ. कचेरी असेलच कुठेतरी. विचारायला काय जातं?

आनंदाबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "येजो संग. पण बोलीन म्या. तू नुसती उभी राहाजो. तोंड उघडू नोको."

दिवाळी झाली की जायचं ठरलं. मोटार कुठून पकडायची तेही ठरलं. लीनानं बैल पुसून कापडात गुंडाळून ठेवला, कारण साहेब कुणीही असो, बैल दारात उभा केल्याशिवाय बोजारा मागता येत नाही. दिवाळीत आनंदाबाईंचा निरोप आला, गुडघा धरला आहे, पोळ्यानंतर पाहू. पोळा झाला. हिंगणघाटला जाणं झालं नाही.